कॉम्प्युटरचा ताप

"आई, एक सांगायचं होतं," पुष्कर म्हणाला, आणि कॉम्प्युटर बंद पडला.

पडदा काळा झाला, आतले पंखे गप्प झाले. क्षणापूर्वी मी जर्मनीतल्या हमरस्त्यावरून भला मोठा ट्रक हाकत होते, पुढे पुष्करचा निळा ट्रक होता. आता मी अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून काळ्या पडद्यात स्वतःचं घामेजलेलं तोंड बघत बसले होते.

"आलं का अकोला?" बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

हा सलग तिसरा रविवार. पुष्करला मनातलं बोलायला तासभर तरी लागायचा, आणि यंत्रालाही तापून मान टाकायला तेवढाच वेळ लागायचा. इकडे त्यानं घसा साफ करून 'आई, एक…' म्हणावं आणि तिकडे पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा लाल होऊन सगळंच विझावं. लगेच फोन केला तर म्हणायचा, "काही नाही ना आई, सहजच. पुढच्या रविवारी बोलू."

फोनवर तो बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. व्हिडिओवर समोरासमोर आला की हसरा चेहरा लावून बसायचा, 'जेवलो, झोपलो, थंडी आहे' एवढं सांगून मोकळा. तो लहानपणापासून असाच. सायकलवर पुढे बसवलं की बडबडायचा, पाटावर समोर बसवलं की मुका. नजर रस्त्यावर असली की त्याच्या तोंडाचं कुलूप निघतं. म्हणून तर हा ट्रकचा खेळ.

कॉम्प्युटर त्याचाच. तो जर्मनीत गाड्यांच्या कंपनीत नोकरीला. लॉकडाऊनमध्ये सुट्टीवर आला आणि सहा महिने इथेच अडकला, तेव्हा सुटे भाग मागवून त्यानं तो स्वतः जोडला. खेळ खेळायचा खास कॉम्प्युटर. एका बाजूला काच, आत रंगीबेरंगी दिवे. नवरात्रातल्या मंडपाचा तुकडा घरात आणून ठेवल्यासारखं वाटायचं. जाताना म्हणाला, "हा काही विमानातून नेता येत नाही. आई, तूच शिक. रविवारी दोघं मिळून ट्रक चालवू." मी शिवणाची बाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं काजं-बटणं शिकवली, चाक चालवलं ते फक्त शिलाई मशीनचं. पहिल्या दिवशी मी ट्रक थेट पेट्रोल पंपात घातला. पुष्कर इतका हसला की मला वाटलं, असं हसणार असेल तर दर रविवारी एक पंप पाडायला माझी हरकत नाही.

पण त्या उन्हाळ्यात तो हसेनासा झाला होता. खेळातही शहाण्यासारखा वागू लागला होता. पूर्वी सिग्नल तोडायचा, आता पिवळा दिसला की थांबायचा. मला शिकवायचा, "आरसे बघ. मागे घेताना घाई करू नको. आधी उतरून बघायचं, मग मागे घ्यायचं." बोलता बोलता कण्हायचा, "पाठ दुखतेय गं." मी म्हणायचे, "खुर्चीत बसून बसून दुखते, जरा फिरत जा." त्यावर तो म्हणायचा, "आरसे बघ आई."

मला सांगायचं तरी काय असेल त्याला? रात्रंदिवस हाच विचार. लग्न ठरवलं असेल, तर चांगलंच. मुलगी तिकडची असेल, तरी चालेल, पुरणपोळी शिकवू. आजार असेल का? की तिकडचंच नागरिकत्व घेऊन कायमचा राहणार? माझ्या मनानं एकेक करून सगळी संकटं मांडून पाहिली. ऐकायचं तर होतं, पण ऐकायची भीतीही वाटत होती. मग मी ठरवलं की आपल्या हातात आहे ते करू. कॉम्प्युटर थंड करू. तास-दोन तास न तापता चालला पाहिजे, म्हणजे पोराला वाक्य पुरं करता येईल.

इथून पुढे मी जे केलं ते आठवलं की आजही एकटीच हसते.

आधी व्हिडिओ पाहिले. वीस-बावीस वर्षांची पोरं हिंदीत ओरडून सांगायची की तापमान कसं उतरवायचं, आणि मी वही न घेता, मान डोलावत, सगळं समजल्यासारखं ऐकायचे. मग पुष्करला मधल्या वारी फोन लावला. त्यानं सांगितलं तसे आतल्या पंख्यांचे वेग वाढवले. खोलीत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला. मग त्यानं तिकडूनच माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून चित्रं काढणाऱ्या कार्डाचा वीजपुरवठा थोडा कमी केला. "तेवढीच ताकद, कमी वीज, कमी ताप," तो म्हणाला. मी म्हटलं, "म्हणजे कमी तेलात भजी." तो म्हणाला, "साधारण तसंच."

"आता कॅमेरा कॉम्प्युटरकडे धर, पंखे फिरतात का बघू," तो म्हणाला.

मी लगबगीनं सगळं नीट केलं, पदरानं काच पुसली आणि फोन धरला. दिवे लखलखत होते, पंखे फिरत होते. त्यानं अर्धा तास मुद्दाम यंत्राला राबवलं. आकडा सत्तरच्या वर गेला नाही.

"बघ, झाला ठीक," तो म्हणाला.

रविवार आला. पुष्करनं घसा साफ केला. आकडा लाल झाला. आलं अकोला.

मग मी बोचेंना बोलावलं. त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि त्यांची बायको माझी विद्यार्थिनी. ते आले तेव्हा मी कॉम्प्युटर असा मोकळा, चकचकीत करून ठेवला होता की मुलगी दाखवायला बसवलीय असं वाटावं. त्यांनी तो उघडला, आतली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, ब्लोअर मारला. धूळ काही निघाली नाही.

"बाई," ते म्हणाले, "मी इतका स्वच्छ कॉम्प्युटर अख्ख्या अकोल्यात पाह्यला नाही. लोकांच्या डब्ब्यातून पाल निघते."

मी फुशारून गेले. आमच्या घरात धुळीची काय बिशाद! वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे दुपारी वाऱ्याबरोबर सगळं शिवार घरात येतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक वस्तूला मी शिवलेलं कव्हर आहे. फ्रिजला आहे, मिक्सरला आहे, धुण्याच्या मशीनला झालरीचं आहे, गॅसच्या सिलिंडरला तर फुलाफुलांचा फ्रॉक आहे. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक. कॉम्प्युटरचं कव्हर ही तर माझी सगळ्यात अवघड शिलाई: दणकट कापड, बटणापुरतं काज, दिवे दिसावेत म्हणून काचेच्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी, खाली ओढून बांधायला नाडी. पुष्कर या सगळ्या कव्हरांना झबली म्हणायचा. "आई घरातल्या सगळ्या सामानाला झबली घालते," असं मित्रांना सांगायचा. पण बघा, बोचेंनी सर्टिफिकेट दिलंच ना!

बोचेंनी पण यंत्र तासभर चालवून पाहिलं. आकडा अडुसष्ट. "काहीच बिमारी नाही बाई याले," म्हणून चहा पिऊन गेले.

रविवारी पुन्हा ताप. डॉक्टर आला की हसत खेळत बसणारं आणि डॉक्टर गेला की फणफणणारं पोर असतं ना, तशातली गत.

आता मी इरेला पेटले. पुष्कर म्हणाला, "चित्राचा दर्जा कमी कर. झाडं, सावल्या, पाऊस, गवत, यानंच यंत्र दमतं." मी सेटिंगमध्ये जाऊन आधी सावल्या काढल्या. मग पाऊस बंद केला. मग गवत उपटलं. शेवटी झाडं. एकेक खूण काढत मी अख्खी जर्मनी बोडकी केली. पुढच्या रविवारी पाहते तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट, मातकट माळ. लेकाचा देश बघायला एवढी धडपड केली आणि पडद्यावर आमच्या अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाणारा रस्ता आला.

"आई, तुला डावीकडचं जंगल दिसतं का?" पुष्करनं विचारलं.

"दिसतं ना," मी म्हटलं. "छान आहे."

त्या दिवशी यंत्र दहाएक मिनिटं जास्त टिकलं. पुष्कर "आई, मी फेब्रुवारीत…" इथवर पोचला. मग अकोला.

फेब्रुवारीत काय? आठवडाभर तेच डोक्यात. ह्यांना विचारलं, "फेब्रुवारीत काय झालं असेल हो?"

"फेब्रुवारीत त्याच्या वाढदिवसाला आपण फोन केला होता," हे म्हणाले. हे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. प्रश्नाचं उत्तर देतात, प्रश्नात शिरत नाहीत.

शनिवारी मी शेवटचं शस्त्र काढलं. आमचा मोठा कूलर. वाळ्याच्या ताट्या, पोटात टाकीभर पाणी, आणि त्याच्यासमोर दुपारची झोप घेणारे हे. मी कूलर ओढत मागच्या खोलीत नेला आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावला.

"आणि मी?" हे उठून बसले.

"तुम्ही माणूस आहात. तुम्हाला घाम येतो. त्याला येत नाही," मी म्हटलं.

हे टॉवेल ओला करून डोक्यावर घेऊन बसले. मी सगळी मांडणी नीट दिसेल अशी करून पुष्करला अभिमानानं दाखवली. तो किंचाळलाच.

"आई! पाणी! अगं पाण्याची हवा आहे ती! बाजूला घे आधी!"

कूलर बाजूला गेला. कॉम्प्युटर वाचला, पण बाजूला काढून ठेवलेल्या त्याच्या कव्हरवर तुषार आणि धूळ मिळून चिखलाचे ठिपके पडले होते. रविवारी दुपारी ते मी धुतलं, छान खळ केली आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. पाच वाजले तशी ते तिथेच विसरून खेळायला बसले.

आणि काय सांगू! आकडा हलेना. चौसष्ट. अर्धा तास झाला, तरी चौसष्ट. तास होत आला, तरी पासष्टच्या पुढे जायचं नाव नाही. मला वाटलं, बोचेंची पेस्ट मुरली असेल. लोणच्यासारखं वेळ लागत असेल तिला. मनातल्या मनात मी त्या ओरडणाऱ्या पोरांना, बोचेंना, कूलरला, सगळ्यांना हात जोडले.

"आई, पुढे थांबा आहे," पुष्कर म्हणाला. "गाडी कडेला घे."

मी घेतली. बोडक्या माळावर आमचे दोन ट्रक एकामागे एक उभे राहिले.

"एक सांगायचं होतं."

सवयीनं माझी नजर कोपऱ्यात गेली. चौसष्ट. आता अडवायला कोणी नव्हतं.

"सांग," मी म्हटलं.

त्यानं दोनदा घसा साफ केला. पाठीमागे काहीतरी कडक कापड सळसळलं. आकडा एकोणसत्तर झाला. मग चौऱ्याहत्तर. मग ऐंशी. ट्रक तर जागचे हललेही नव्हते! मी मान वळवली.

हे दोरीवरचे कपडे काढून आत आले होते. रोज संध्याकाळी कपडे काढायचे आणि ज्याचं त्याच्या जागी ठेवायचं, हे त्यांचं काम. संसारात मी ह्यांना एकच गोष्ट घासून शिकवली होती: कव्हर काढलं की परत घालायचं. कॉम्प्युटरचं कव्हर त्यांनी नीट चढवलं होतं, प्लॅस्टिकची खिडकी काचेवर बरोबर बसवली होती, आणि आता वाकून नाडी बांधत होते. माझ्याकडे बघून त्यांनी 'झालं' अशी मान हलवली आणि निघून गेले.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पुष्करला दाखवायचं म्हणून मी झबलं काढलं होतं. बोचे येणार म्हणून काढलं होतं. पाहुणे यायचे म्हटलं की आपण कव्हरं काढून वस्तू दाखवतोच. आणि एरवी, दर रविवारी, ट्रक चालवायला बसले की ते बिचारं यंत्र माझ्या नेमक्या मापाच्या, नाडी आवळलेल्या शिवणीच्या आत गुदमरत होतं. शिलाई इतकी चोख की हवेलाही वाट नव्हती. तीस वर्षं मुलींना सांगत होते, माप अचूक घ्या!

शहाऐंशी. एकोणनव्वद.

खरं सांगते, कव्हर लगेच ओढून काढावं असं मला वाटलं नाही. हात मांडीवरच राहिले. मनात आलं, अजून थोडं, मग अंधार होईल, आणि आणखी एक आठवडा पुष्कर माझ्यासाठी पूर्वीचाच पुष्कर राहील. आठवडाभरासाठी पोरगी बघायला, नातवाचं नाव ठरवायला, चिंता करायला मी मोकळी.

"आई," हेडफोनमधून पुष्कर म्हणाला, "पंख्यांचा आवाज येतोय. पडेल तुझा बंद आता. राहू दे, पुढच्या रविवारी सांगतो."

त्याच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोराचा. तसाच आनंद माझ्याही पोटात होता, म्हणून मला तो लगेच ओळखू आला, आणि माझीच मला लाज वाटली. तिकडे लेकरू एकटं काहीतरी उरावर घेऊन बसलंय आणि इकडे आई यंत्राच्या आड लपतेय.

मी खाली वाकले. नाडीची गाठ सुटेना. ह्यांनी मी शिकवलेलीच गाठ मारली होती. शिलाई मशीनवरची कात्री ओढली, नाडी कापली आणि ती सगळी मेहनत उपसून खोलीच्या कोपऱ्यात फेकली.

"आई? गेलीस का?"

"नाही," मी म्हटलं. "आज बंद नाही पडत. बोल."

एकोणनव्वद. चौऱ्याऐंशी. शहात्तर. आकडा उतरत होता आणि पुष्कर श्वास घेत होता, मला ऐकू येत होतं.

"फेब्रुवारीत नोकरी गेली आई. अख्खा विभागच बंद केला त्यांनी." तो थांबला. "राहायची परवानगी पक्की आहे, त्याची काळजी नको करू. दुसरी शोधतोय. तोपर्यंत पार्सल पोचवतो. व्हॅन आहे एक, ती चालवतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

इंजिनियर झाला तेव्हा गल्लीत वाटलेले पेढे आठवले, आणि त्या पेढ्यांपेक्षाही आधी आठवली त्याची पाठ.

"पाठ त्याच्यानंच दुखते का रे राजा?"

तिकडून हुंदका आला. माझा तीस वर्षांचा मुलगा रडत होता आणि मी बोडक्या माळावर ट्रकमध्ये बसून हातानं पडदा कुरवाळत होते.

"जिने फार आहेत आई इथे," तो म्हणाला. "लिफ्ट नसते."

"पट्टा बांधायचा कमरेला. जड असेल तर दोन खेपा करायच्या."

"हो." मग हळूच, "लोकांना काय सांगशील?"

"लोकांना मी आधीपासून सांगतेय की पुष्कर जर्मनीत गाड्यांच्या कामात आहे," मी म्हटलं. "एक शब्द बदलायला नको."

तो हसला. नाक ओढत, अर्धवट, पण हसला. त्या उन्हाळ्यातलं ते पहिलं हसू.

हे दारात उभे होते. माझ्या चेहऱ्याकडे, मग कोपऱ्यात पडलेल्या कव्हरकडे, मग कापलेल्या नाडीकडे बघत होते.

"माझं काही चुकलं काय वं?"

"नाही हो. पोराची नोकरी गेली. गाडी चालवतो म्हणतो."

"तो तर दर रविवारी चालवते."

"खरी. लोकांची पार्सलं पोचवतो."

मला धाकधूक होती. पुष्करच्या शिक्षणासाठी ह्यांनी आयुष्यभर एकच स्कूटर वापरली होती. मग त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला.

"त्याले विचार, डिझेलची आहे का."

मी विचारलं. "विजेवरची आहे," मी सांगितलं.

"मग ठीक आहे," हे म्हणाले. "धूर तरी नाही." आणि बाहेर जाऊन एक खुर्ची उचलून घेऊन आले, आणि माझ्या शेजारी ठेवून बसले. त्या खोलीत ते त्याआधी कधी बसले नव्हते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पुष्करनं ती व्हॅन वर्षभर चालवली, मग त्याला त्याच्या कामाची नोकरी मिळाली. कॉम्प्युटरच्या कव्हरच्या मी भाजीच्या दोन पिशव्या केल्या, अजून टिकून आहेत. बोचेंना खरं कारण सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सिलिंडरचा फ्रॉक मात्र अजून आहे.

पण त्या संध्याकाळचं थोडं राहिलंच. आकडा चौसष्टवर येऊन स्थिर झाला होता. मी सेटिंग उघडलं. सावल्या परत आणल्या. पाऊस आणला. गवत आणलं. सगळ्यात शेवटी झाडांच्या चौकटीत खूण केली.

"आई, निघायचं?" पुष्कर म्हणाला. "माझ्या मागे ये. पुढे एक रस्ता आहे, मी रोज जातो ना, अगदी तसा."

त्यानं वळायचा दिवा दिला, मी दिवा दिला. ट्रक वळले, आणि दोन्ही बाजूंनी हिरवं, उंच जंगल सुरू झालं, पावसात भिजलेलं.

ह्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"केवढी झाडी आहे वं तिथं," ते म्हणाले. "त्याले म्हण, हळू चालव."